आठ कोंबड्या मेल्या, खाल्ली एकही नाही

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातले चोरखमारा हे गाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागूनच आहे. अभयारण्यात जाण्याचे एक फाटकही इथे आहे. अशा गावात सकाळी सांदवाडीत जावे आणि खुराड्याभोवती मेलेल्या कोंबड्या पडलेल्या दिसाव्यात, तर पहिला संशय कोणावर जातो? अर्थातच जंगलावर. रानमांजर आले असेल, कोल्हा आला असेल, नाहीतर बिबट्या! पण आधी आपण पुरावा पाहू.

समजा, आठ कोंबड्या मेल्या आहेत. आठही तिथेच पडल्या आहेत. पिसे अंगणभर उडालेली, पाठी चिरडलेल्या, मांस मात्र जवळपास जसेच्या तसे. रानमांजर किंवा कोल्हा शक्यतो एखादी कोंबडी उचलून आडोशाला नेतो. बंद खुराड्यात शिरलेले मुंगूसही कधी एकाहून जास्त मारते, पण त्याच्या चाव्याच्या खुणा बारीक असतात. वर सांगितलेले चित्र बहुतेक वेळा मोकाट कुत्र्याचे असते.

खायचे नव्हते तर मारल्या कशाला? 'कुत्रा माजलाय' हे उत्तर सोपे आहे, पण त्यातून काही कळत नाही. शिकार ही एक सलग क्रिया वाटते. खरे तर ती अनेक क्रियांची साखळी आहे. भक्ष्य हेरणे, दबा धरणे, पाठलाग, पकडणे, मारणे आणि मग खाणे. भूक नसली तरी साखळीतल्या आधीच्या कड्या चालू होऊ शकतात. पळणारी, फडफडणारी वस्तू समोर आली की पुरे. घरचा भात खाऊन पोट भरलेला कुत्राही म्हणूनच कोंबडीमागे धावतो.

उघड्या रानात एक पक्षी पकडेपर्यंत बाकीचे उडून जातात. मग खाण्याखेरीज करण्यासारखे काही उरत नाही. खुराड्यात मात्र एक मेली तरी दुसरी फडफडतच असते आणि साखळी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली अशा जादा हत्यांविषयी सविस्तर लिहिले. इंग्लंडमधल्या कोल्ह्यांनी काळोख्या, वादळी रात्री जमिनीवर बसलेले कुरव पक्षी असेच मारून टाकले होते. सेरेंगेटीत तरसांनी एका रात्रीत ८०हून अधिक हरणे मारली होती. दोन्हीकडे भक्ष्य पळत नव्हते, हे महत्त्वाचे.

नागझिऱ्यातली रानकुत्री याच कुळातली. पण त्यांना एका चितळासाठी कळपाने धावावे लागते, आणि मिळालेले मांस ती झपाट्याने संपवतात.

कोंबडीकडेही पाहायला हवे. तिचा पूर्वज, तांबडा रानकोंबडा, रात्री झाडावर बसतो. अंधारात कोंबडीला फारच कमी दिसते, म्हणून ती जागची हलत नाही. उंच फांदीवर हा शहाणपणा आहे. जमिनीलगतच्या खुराड्यात तोच घातक ठरतो.

नुकसान केवळ मांसाच्या भावाने मोजू नये. अंडी उबायला २१ दिवस, आणि तलंग अंड्यावर यायला साधारण सहा महिने लागतात. वह्या-पुस्तकांसाठी, औषधासाठी कोंबडी विकणाऱ्या बाईची ही शिल्लक असते. रागाच्या भरात मग कोणी मेलेल्या कोंबडीत विष घालून ठेवतो. ते विष कुत्र्यापुरते राहत नाही. कावळे, कोल्हे, मुंगसे, कोणीही खाते. गुन्हेगार गावातला आणि शिक्षा जंगलाला, असा प्रकार!

दुसऱ्या दिवशी कुत्र्याला बडवूनही उपयोग नाही, कारण मार आणि रात्रीची शिकार यांचा संबंध त्याला लागत नाही. तो परत येतो, हे मात्र गृहीत धरावे. खुराडे खांबांवर उचलून घ्यावे, दाराला कडी असावी आणि ती दिवेलागणीलाच लागावी. जमिनीवरच असेल तर कडेने दगड घट्ट बसवावेत, कारण कुत्रा जाळी तोडण्यापेक्षा खालून उकरणे पसंत करतो.

विद्यार्थ्यांना एक काम द्या. संध्याकाळी खुराड्याभोवती चाळलेली राख पसरायची आणि सकाळी ठसे कागदावर उतरवायचे. बोटांपुढे नखांच्या खुणा दिसल्या, तर ते मांजरकुळातले जनावर बहुधा नव्हे. मांजर चालताना नखे आत ओढून घेते. कुत्रा आणि कोल्हा यांच्यात फरक करणे अवघड आहे. त्यासाठी गावातल्याच एखाद्या कुत्र्याचा ठसा आधी घेऊन ठेवावा.