लॅबचा हिरा खोटा नाही, स्वस्त आहे

‘लॅबचा हिरा? म्हणजे नकलीच ना!’ साखरपुड्याची अंगठी घ्यायची ठरली की घरातलं कुणी ना कुणी हे बोलतंच. पाठोपाठ पुढचा शेरा येतो, ‘मग अमेरिकन डायमंड काय वाईट?’ हे ऐकून कान किटले आहेत, म्हणून एकदा सविस्तर सांगितलेलं बरं.

अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिरकोनिया, झिरकोनियम धातूचं ऑक्साइड. त्यात कार्बन नसतोच. हल्ली मिळणारं मॉइसनाइट हे सिलिकॉन कार्बाइड. दोन्ही दिसतात हिऱ्यासारखी, पण द्रव्यं वेगळी. लॅबमधला हिरा मात्र कार्बनचाच, आणि त्यातल्या अणूंची मांडणीही खाणीतल्या हिऱ्यासारखीच. काठिण्य १०, घनता सुमारे ३.५२, अपवर्तनांक सुमारे २.४२. हे आकडे खाणीतल्या हिऱ्याचे की लॅबमधल्या? दोघांचेही.

हिरा म्हणजे कार्बन, हे स्मिथसन टेनंट या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १७९७ मध्ये हिरा जाळून दाखवून दिलं. कार्बनचा हिरा करायला मात्र त्यानंतर दीडशे वर्षं लागली. स्वीडनच्या एका कंपनीला ते १९५३ मध्ये साधलं, पण तिनं गवगवा केला नाही. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकनं डिसेंबर १९५४ मध्ये हिरे बनवले आणि १९५५ मध्ये जाहीरही केले. ही झाली एचपीएचटी पद्धत. हवेच्या दाबाच्या पन्नास हजार पट दाब आणि १,३०० अंश सेल्सिअसच्या वरचं तापमान ठेवून वितळलेल्या धातूत ग्रॅफाइट विरघळवायचं, म्हणजे त्यातला कार्बन हिऱ्याच्या छोट्या बीजावर जमत जातो. दुसरी पद्धत सीव्हीडी. सुरतेतल्या कारखान्यांचा भर हिच्यावर आहे. बंद कक्षात हिऱ्याची पातळ चकती ठेवतात, मिथेन आणि हायड्रोजन सोडतात आणि मायक्रोवेव्हनं त्या वायूंचा प्लाझ्मा करतात. मिथेनमधला कार्बन चकतीवर थरावर थर बसतो. दह्याला विरजण दह्याचंच लागतं, तसं इथे बीज हिऱ्याचंच लागतं. काही आठवड्यांनी कच्चा हिरा तयार होतो आणि खाणीतल्या हिऱ्यासारखाच त्यालाही पैलू पाडतात.

तरीही शंका असेल, तर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं काय केलं ते पाहा. २०१८ मध्ये दागिन्यांविषयीच्या मार्गदर्शक सूचना सुधारताना या सरकारी संस्थेनं हिऱ्याच्या व्याख्येतून ‘नैसर्गिक’ हा शब्दच काढून टाकला. हिरा लॅबमधला असेल तर तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगण्याचं बंधन मात्र कायम ठेवलं, आणि ते योग्यच आहे. लॅबचा हिरा खाणीचा म्हणून खपवणं ही फसवणूकच. पण तिथे खोटा ठरतो विकणारा, हिरा नव्हे.

‘आमचे सोनार नुसत्या नजरेनं ओळखतात’, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. नाही ओळखता येत. फुंकर मारून वाफ किती वेळ टिकते ते बघा, पाण्यात टाका, छापील कागदावर ठेवा. फार तर काच आणि झिरकोनिया बाजूला पडतील. दुकानातलं पेनासारखं टेस्टर उष्णतेचं वहन मोजतं. त्याला लॅबचा हिरा हिराच वाटतो, साधं टेस्टर तर मॉइसनाइटलाही हिरा म्हणतं. खरा फरक वाढीच्या खुणांमध्ये असतो. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजनच्या अणूंचे पुंजके असतात आणि ते जमायला भूगर्भात प्रदीर्घ काळ जावा लागतो. सीव्हीडी हिऱ्यात नायट्रोजन जवळजवळ नसतो. म्हणजे ज्याला नकली म्हणून हिणवतात, तोच रासायनिकदृष्ट्या बहुधा अधिक शुद्ध! या खुणा अतिनील प्रकाश आणि वर्णपट तपासणाऱ्या यंत्रांना दिसतात. म्हणूनच प्रमाणपत्र मागायचं आणि त्यावरचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेसरनं कोरला आहे का, ते भिंगातून पडताळायचं.

आता विक्रेत्यांचा लाडका गैरसमज: ‘ही गुंतवणूक आहे.’ साफ चूक. हिरा खरा असणं आणि दुर्मिळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्रं वाढली की माल वाढतो आणि भाव उतरतो. खाणीच्या हिऱ्यांवर मोठ्या झालेल्या डी बीअर्सनं २०१८ मध्ये लाइटबॉक्स या नावानं लॅबचे हिरे कॅरटला ८०० डॉलर दरानं विकायला काढले. त्यावेळी तो दर धक्कादायक स्वस्त होता. बाजार त्याच्याही खाली गेला आणि २०२५ मध्ये कंपनीनं लाइटबॉक्स बंद करत असल्याचं जाहीर केलं. खाणीचा हिरा घेणाऱ्यांनीही फार हुरळू नये. हिऱ्याला सोन्यासारखा रोजचा एकच दर नसतो आणि मोडीत दिला तर तोही बहुधा तोट्यातच जातो.

उरलेले गैरसमज थोडक्यात:

लॅबचा हिरा काही वर्षांनी पिवळा पडतो: नाही. मळतो, धुतला की चमकतो.

हिरा फुटत नाही: ओरखडा सहसा पडत नाही, पण ठरावीक प्रतलांवर घाव बसला तर दोन्ही प्रकारचे हिरे दुभंगतात.

लॅबचा हिरा पर्यावरणपूरक असतो: यंत्रं दिवसरात्र वीज खातात, आणि आपली बहुतांश वीज कोळशाची. वीज कुठली, हे विचारल्याशिवाय हा दावा मानू नका.

खाणीतला हिरा कोळशापासून बनतो: बहुतेक हिरे अब्जावधी वर्षांचे आहेत. कोळसा ज्या झाडांपासून बनला, ती झाडं तेव्हा पृथ्वीवर नव्हतीच.

हिरा चाटला की माणूस मरतो: सिनेमात. कार्बन विषारी नाही.

तेव्हा आवडला तर लॅबचा हिरा खुशाल घ्या, हौस म्हणून घ्या. पावतीवर ‘लॅबमध्ये तयार केलेला’ असं लिहून घ्या, परत घेताना दुकानदार किती देणार तेही लेखी मागा. आणि पैसे वाढवायचे असतील, तर हिऱ्याच्या दुकानात जाऊच नका.