ओरॅकल रॅक, लेखांक ४ : इन्स्टॉलरला हात लावण्याआधी

दोन सर्व्हर रॅकमध्ये चढले, स्टोरेज जोडलं, की इन्स्टॉलर सुरू करायला हात शिवशिवतात. थोडं थांबा. ग्रिड इन्फ्रास्ट्रक्चर अडतं ते बहुधा तयारीतल्या उणिवांमुळे, आणि अडतं तेही रूट स्क्रिप्ट अर्ध्यावर आल्यावर. तिथून सगळं मागे घेणं फार जिकिरीचं असतं.

युजरचं काम लवकर उरकतं. ‘ग्रिड’ आणि ‘ओरॅकल’ हे युजर, त्यांचे ग्रुप आणि त्यांचे आयडी नंबर सगळ्या नोडवर तंतोतंत तेच हवेत. लिनक्स मालक ओळखतो तो नंबरावरून. एसएसएच दोन्ही दिशांनी पासवर्ड न विचारता चाललं पाहिजे. घड्याळं क्रॉनीवर लावून टाका.

खरा वेळ डिस्कना द्या. पहिल्या नोडवर जी डिस्क ‘एसडीबी’ म्हणून दिसते, तीच दुसऱ्यावर ‘एसडीसी’ असू शकते आणि रीबूटनंतर ही नावं पुन्हा बदलू शकतात. म्हणून नावावर विसंबायचं नाही. दोन्ही नोडवर प्रत्येक डिस्कचा स्कझी आयडी काढा, एकमेकांशी ताडून पाहा आणि त्या आयडीवर यूडेव्हचा नियम लिहा: मालक ग्रिड, ग्रुप एएसएमअ‍ॅडमिन, परवानगी ०६६०. स्टोरेजकडे दोन वाटा असतील तर एकच डिस्क दोनदा दिसते. अशा वेळी एएसएमला फक्त मल्टिपाथचं नाव दाखवा, नाहीतर ओआरए-१५०२० ही त्रुटी ठरलेलीच.

व्होटिंग डिस्क नॉर्मल रिडंडन्सीत तीन लागतात. नोडला त्यांपैकी निम्म्याहून जास्त दिसल्या तरच तो क्लस्टरमध्ये राहतो. दोन ठेवल्या तर एक गेल्यावर उरलेली एक म्हणजे नेमकी निम्मीच. म्हणून दोनवर भागत नाही.

नेटवर्कमध्ये पब्लिक पत्ते, व्हीआयपी आणि खासगी इंटरकनेक्ट असे तीन भाग. २००९च्या ११जी रिलीज २ पासून त्यांत स्कॅनची भर पडली. स्कॅनचं नाव डीएनएसमध्ये तीन पत्त्यांवर उलगडावं. व्हीआयपी आणि स्कॅनचे पत्ते इन्स्टॉलेशनआधी पिंगला उत्तर देता कामा नयेत. दिलं, तर ते दुसऱ्याच यंत्राने घेतलेले आहेत.

इंटरकनेक्टमध्ये काटकसर अजिबात करू नये, असं माझं ठाम मत आहे. लिनक्सवर नेटवर्कचा हार्टबीट ३० सेकंद आला नाही की नोडला क्लस्टरबाहेर काढलं जातं. हे कठोर वाटतं, पण एकमेकांशी बोलणं तुटलेले दोन नोड एकाच डेटाफाइलवर लिहीत राहिले तर डेटाच हातचा जाईल. दोन सर्व्हर थेट केबलने जोडणं टाळा: एक बंद पडला की दुसऱ्याचीही लिंक उतरते. मध्ये वेगळा स्विच हवाच. आठ केबीचा ब्लॉक एका पॅकेटात जावा म्हणून एमटीयू ९००० केलात, तर तो स्विचवरही वाढवा. साध्या पिंगवर खात्री मानू नका. तुकडे न करता ८९७२ बाइटचं पिंग पाठवून पाहा. ते पोचलं, तरच जम्बो फ्रेम खरोखर चालू आहेत.

शेवटी क्लस्टर व्हेरिफिकेशन युटिलिटी इन्स्टॉलेशनपूर्व टप्प्यासाठी चालवा आणि नापास झालेली प्रत्येक ओळ वाचा. मेमरी किंवा स्वॅप थोडी कमी पडत असेल तर विचार करून पुढे जाता येतं. सामायिक डिस्क किंवा नोडमधला संपर्क नापास असेल तर मात्र तिथेच थांबा. ‘इग्नोर ऑल’वर टिचकी मारू नका.

पुढच्या आठवड्यात इन्स्टॉलर, आणि रूट स्क्रिप्ट आधी पहिल्या नोडवरच पूर्ण का होऊ द्यायची ते.