धरणीकंप आणि माणसाचे घर

इ. स. २०१० च्या आरंभी, सात आठवड्यांच्या आत, अमेरिका खंडांतील दोन देशांत दोन मोठे भूकंप झाले. पहिला १२ जानेवारी रोजी कॅरिबियन समुद्रातील हैती ह्या देशात झाला. दुसरा २७ फेब्रुवारी रोजी दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील चिली ह्या देशात झाला. पहिल्याचे मान ७.० होते, दुसऱ्याचे ८.८. फरक लहान वाटतो. परंतु ही मोजणी साध्या पट्टीसारखी नाही. तीत एक अंक वाढला की भूकंपात मोकळी होणारी शक्ती सुमारे ३२ पट वाढते. ह्या हिशेबाने चिलीचा भूकंप हैतीच्या भूकंपापेक्षा सुमारे ५०० पट बलवान ठरतो.

आता मनुष्यहानी पाहावी. चिलीत सुमारे ५२५ माणसे दगावली. हैतीच्या सरकारने मृतांचा आकडा तीन लाखांच्या वर सांगितला. काही अभ्यासकांचे अंदाज लाखाच्या आसपास, तर काहींचे त्याहूनही खाली येतात. मृतांची नीट मोजदाद होणे हीदेखील देशाच्या सुस्थितीची एक खूण आहे. जेथे जन्ममृत्यूच्या नोंदी धड नाहीत आणि हजारो प्रेते घाईघाईने एकाच खड्ड्यात पुरावी लागतात, तेथे मोजावे कोणी आणि कसे? पण कोणताही अंदाज खरा मानला, तरी लहान भूकंपाने मोठ्यापेक्षा कितीतरी पट अधिक माणसे मारली, हे उरतेच.

ह्याचे कारण शोधताना निसर्गाचा वाटा प्रथम बाजूला काढावयास हवा. हैतीच्या भूकंपाचे केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हते, आणि पोर्ट-ओ-प्रिन्स ही दाट वस्तीची राजधानी तेथून अवघ्या पंचवीस किलोमीटरांवर होती. चिलीचा भूकंप किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाखाली झाला. कन्सेप्सियोन हे मोठे शहर त्याच्या केंद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर दूर होते. अंतराने काही धक्का सोसला, हे खरे. तरीही कन्सेप्सियोनची जमीन मिनिटभराहून अधिक वेळ जोराने हादरत होती, आणि तेथील बहुतेक घरे उभी राहिली. पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये अर्ध्या मिनिटात वस्त्यांच्या वस्त्या जमीनदोस्त झाल्या.

उघड्या माळावर उभ्या असलेल्या माणसाला भूकंप सहसा इजा करीत नाही. जीव जातो तो घराखाली सापडून. घराची रचना आपण करतो ती वरून खाली येणारे ओझे पेलण्यासाठी: छपराचे ओझे भिंतीवर, भिंतीचे पायावर. भूकंप मात्र घराला आडवा हिसका देतो. डोक्यावर पाण्याने भरलेली घागर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कोणी एकाएकी बाजूने ढकलले, तर रिकाम्या डोक्याच्या माणसापेक्षा त्याचा तोल लवकर जाईल. घराचेही तसेच आहे. छप्पर जितके जड, तितका हिसका मोठा. आणि भिंतीचे दगड किंवा विटा एकमेकींस घट्ट बांधलेल्या नसतील, तर त्या हिसक्यासरशी भिंत फाकते व वरचे सारे ओझे खाली झोपलेल्या माणसांवर येते. बांधकामात योग्य जागी पुरेसे लोखंड घातले, तर इमारत वाकते, तडकते, पण एकदम कोसळत नाही. आतल्या माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो.

हे तत्त्व हैतीच्या लोकांना अगदीच अपरिचित होते, असे म्हणता यावयाचे नाही. पोर्ट-ओ-प्रिन्स १७५१ व १७७० साली भूकंपांनी उद्ध्वस्त झाले होते. दुसऱ्या भूकंपानंतर तेथील फ्रेंच अंमलदारांनी दगडविटांच्या घरांस मनाई करून लाकडी घरे बांधण्याचा हुकूम काढला होता. मग दोन शतकांत हे शहाणपण गेले कोठे? येथे थोडा इतिहास पाहावा लागतो. हैतीच्या गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वातंत्र्य मिळविले. १८२५ साली फ्रान्सने किनाऱ्यावर लढाऊ जहाजे उभी करून त्या स्वातंत्र्याची किंमत मागितली: १५ कोटी फ्रँक. पुढे ही रक्कम कमी करण्यात आली. पण ती भरण्यासाठी काढलेली कर्जे फिटावयास १९४७ साल उजाडले. ह्या काळात रानेही तुटत गेली, आणि लाकूड महाग झाले. गरिबाच्या हाती राहिले ते सिमेंटचे पोकळ ठोकळे, निकृष्ट वाळू, बेताचे सिमेंट आणि काडीसारखे लोखंड. बांधकामाचा कायदा पाळावयास लावणारे कोणी नव्हते. शिवाय त्या बेटावर चक्रीवादळे वारंवार येतात, आणि हलके छप्पर वाऱ्याने उडते. म्हणून लोकांनी वर काँक्रीटचा जड स्लॅब घातला. वर्षावर्षाला येणाऱ्या शत्रूशी त्यांनी बंदोबस्त केला. पणजोबांच्याही आठवणीत नसलेल्या शत्रूसाठी वेगळा खर्च करण्याची त्यांची ऐपत नव्हती. शहरातील जुन्या लाकडी हवेल्यांपैकी पुष्कळशा मात्र ह्या भूकंपात तग धरून राहिल्या.

हाच प्रकार आपल्या महाराष्ट्रातही घडला आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्री लोक थकूनभागून झोपले असता, पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांत किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्याचे मान ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या मानाने मध्यमच होते. पण सुमारे आठ ते दहा हजार माणसे त्यात गेली. ह्या भागातील घरांच्या भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या, गोलसर दगडांच्या आणि चिखलात रचलेल्या असत. वर लाकडी तुळयांवर मातीचे जाड माळवद. मराठवाड्याचा उन्हाळा ज्याने काढला आहे, त्याला ह्या माळवदाची किंमत सांगावयास नको. वैशाखातही घर त्याने थंड राहते, आणि माती फुकट मिळते. ह्यात अडाणीपणा नव्हता. त्या काळच्या भारताच्या भूकंपनकाशातही हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. जे तज्ज्ञांना ठाऊक नव्हते, ते शेतकऱ्याने कोठून जाणावे?

चिलीची गोष्ट निराळी पडली, ती तेथे भूकंप विसरता येण्याजोगा नव्हता म्हणून. आजवर यंत्रांनी मोजलेला सर्वांत मोठा भूकंप, ९.५ मानाचा, २२ मे १९६० रोजी चिलीतच झाला. तेथील कायद्याने इमारत प्रथम विकणाऱ्या मालकावर दहा वर्षेपर्यंत तिच्या मजबुतीची जबाबदारी टाकली आहे. कन्सेप्सियोनमध्ये २०१० साली पंधरा मजल्यांची एक नवी इमारत आडवी झाली व तीत आठ माणसे मेली. तेव्हा तिच्याशी संबंधित लोकांवर खटला चालला. एक इमारत पडली म्हणून न्यायालयाची पायरी चढावी लागते, हे ज्या देशातील बांधकाम करणाऱ्याला पक्के ठाऊक असते, तेथे सिमेंटमध्ये चोरी करण्यापूर्वी तो दोनदा विचार करतो. अर्थात चिलीतही सारे सुरळीत झाले असे नाही. समुद्राच्या लाटांविषयीची सूचना चुकून मागे घेण्यात आली, आणि किनाऱ्यावरील कितीतरी माणसे त्या लाटांत गेली.

येथपर्यंत वाचून असे वाटेल की, देशाजवळ पैसा असला म्हणजे झाले. तसे मानणे चुकीचे होईल. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत नव्या, उंच इमारती कोसळल्या. त्यांत राहणारी कुटुंबे गरीब नव्हती; पण खालचा मजला मोटारींसाठी मोकळा ठेवून नुसत्या खांबांवर उभ्या केलेल्या त्या इमारतींत पुरेसे बळ नव्हते. तुर्कस्तानात बांधकामाचे नियम चांगले होते. परंतु नियम मोडून बांधलेल्या इमारती दंड घेऊन कायदेशीर करण्याची सवलत तेथील सरकारने २०१८ साली दिली. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात त्या देशात ५० हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. श्रीमंत जपानातील कोबे शहर व त्याच्या आसपासच्या प्रदेशात १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपाने ६,४३४ माणसे मेली. त्यांतील पुष्कळ जण जड कौलांच्या जुन्या लाकडी घरांत सापडले होते, आणि निम्म्याहून अधिक साठीच्या पुढचे होते. १९८१ च्या सुधारलेल्या नियमांप्रमाणे बांधलेली घरे त्याच शहरात बऱ्याच चांगल्या स्थितीत राहिली. म्हणजे श्रीमंत देशातही ज्याला नवे घर परवडत नाही, त्याच्यावर आपत्ती आधी येते.

घर पडल्यानंतर काय होते, हा निराळा विषय आहे, आणि गरिबीचा दुसरा फटका तेथे बसतो. पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, सरकारी कचेऱ्या व इस्पितळे पडली. बंदर निकामी झाले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तेथील कचेरीची इमारतही कोसळली. ज्यांनी मदत करावयाची, तेच ढिगाऱ्याखाली गाडले गेले. परदेशांची मदत आली, पण विमानतळ लहान आणि रस्ते बंद. त्याच वर्षी ऑक्टोबरात, मदतीसाठीच नेमलेल्या परदेशी शांतिसैनिकांच्या छावणीतील घाण नदीत मिसळून पटकीची साथ उद्भवली, आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा हजार माणसे तिला बळी पडली. जपानात १९२३ च्या महाभूकंपाच्या स्मरणार्थ दर वर्षी १ सप्टेंबरला आपत्तीच्या तयारीची कवायत होते. शाळेतील मुलेही तीत भाग घेतात. ११ मार्च २०११ रोजी तेथे ९.० मानाचा भूकंप झाला, तेव्हा यंत्रांनी आगाऊ इशारा दिल्याने वेगवान आगगाड्यांना आपोआप ब्रेक लागले, आणि प्रवासी असलेली त्यांतील एकही गाडी रुळांवरून घसरली नाही. त्या दिवशी जी सुमारे अठरा हजार माणसे मृत किंवा बेपत्ता झाली, त्यांतील बहुतेकांना समुद्राने ओढून नेले.

पैशाच्या हानीचा हिशेब उलटा लागतो. चिलीचे नुकसान सुमारे ३,००० कोटी डॉलर, हैतीचे सुमारे ७८० कोटी. पण चिलीची हानी तिच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या पाचव्या हिश्श्याहून कमी होती, तर हैतीची हानी देशाच्या सबंध वर्षाच्या उत्पन्नापेक्षाही अधिक होती. ज्याच्या घरी कोठार आहे त्याची दहा पोती भिजली, आणि ज्याची एकच होती त्याची ती भिजली, ह्या दोन्ही गोष्टी पोत्यांनी मोजावयाच्या नसतात.

किल्लारीच्या भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. पण ज्या शेकडो गावांत घरे नुसती तडकली होती, तेथे दुसरा मार्ग काढला गेला. जुनीच घरे बळकट करावयाची. त्यासाठी फार मोठी यंत्रे लागत नाहीत. माळवदावरील मातीचा थर कमी करावयाचा. भिंतीचे बाहेरचे व आतले पदर सुटे असतात. ते जोडण्यासाठी ठिकठिकाणी भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड किंवा लोखंड घातलेले काँक्रीटचे तुकडे बसवावयाचे. दारेखिडक्यांच्या वरून सगळ्या घराभोवती, पेटीला पट्टी आवळावी तसा, लोखंड व काँक्रीटचा सलग पट्टा फिरवावयाचा. गावोगावच्या गवंड्यांना हे काम शिकविण्यात आले. त्यासाठी नवे घर बांधण्यापेक्षा पुष्कळ कमी खर्च येतो. तरीही माती उतरविली की घर दुपारी तापते, आणि हाती असलेले पैसे बियाण्याला घालावेत की भिंतीला, हा प्रश्न दर वर्षी पावसाच्या तोंडावर नव्याने उभा राहतो. मराठवाड्यात आजही जड माळवदाखाली झोपणारी कुटुंबे आहेत.