बहार पकडत नाहीत, धरतात

‘होल्ड’ म्हणजे ‘पकडणे’ असं आपण शाळेच्या वहीत लिहिलं आणि पुढे गेलो. राहाता-संगमनेरकडच्या डाळिंबाच्या बागेत गेलं की हा अर्थ किती तोकडा आहे ते कळतं. बागायतदार सांगतो, ‘यंदा हस्त धरलाय.’ म्हणजे त्यानं आधी झाडांचं पाणी तोडलं, ताण दिला, पानगळ केली, हलकी छाटणी उरकली, खतं टाकली आणि मग पहिलं पाणी सोडलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं यावीत म्हणून एवढा खटाटोप. धरायचं तर आधी तोडायचं! मृग आणि आंबिया हे दुसरे बहार सोडून द्यायचे, हेही त्या धरण्यातच आलं. कुणी बहार ‘पकडला’ म्हणालं तर बाग हसेल.

राहाता-संगमनेरच्या या जिल्ह्यानं नद्याही धरल्या. प्रवरेवरचं भंडारदरा १९२६ मध्ये पुरं झालं, मुळेवरचं राहुरीजवळ नंतर आलं. पाणी धरतं म्हणून धरण. पण लाभक्षेत्रात डोळे लागलेले असतात ते ‘कालव्याचं आवर्तन कधी सुटतंय’ याकडे.

याच धातूतलं दुसरं ‘धरणं’ माणसांचं. पूर्वी सावकार किंवा त्याचा माणूस कर्जदाराच्या दारात उपाशी बसे आणि पैसे मिळाल्याशिवाय उठत नसे. इंग्रजांना त्याची एवढी धास्ती, की १८६० च्या दंडसंहितेत दैवी कोपाची भीती घालण्याच्या गुन्ह्याचं उदाहरण म्हणून हे धरणंच आलं, आणि तेही भाषांतर न करता, आपल्याच शब्दात. ज्यांचा ‘होल्ड’ आपण घोकला, त्यांना आपलं धरणं मात्र उसनं घ्यावं लागलं.

सरकारी मराठीनं ‘होल्डिंग’ला ‘जमीनधारणा’ केलं. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यात ते पक्कं बसलंय. बोलण्यात मात्र आपण घसरलो. बस पकडली, हे एक वेळ चालवून घेऊ. पण ‘गृहीत पकडू’? बाळ बाळसं धरतं, रोप मूळ धरतं, रुसलेली बहीण अबोला धरते. तिथं ‘पकडणे’ घालून पाहा.

परवा संगमनेरच्या एका ओळखीच्या बागायतदाराला फोन केला. ‘जरा होल्ड करा’ म्हणून तो मोटर बंद करून आला. मी विचारलं, ‘बहार धरला का?’

‘धरला होता हो. ऐन ताणात पावसानं गाठलं. धरू दिला कुठं!’