गादीवर बसणाऱ्याच्या ताटात किती पोळ्या?

नागपूरच्या गांधीबागेतल्या घाऊक कापडबाजारात एकाच दुकानापुढे दोन अगदी वेगळे दिवस सुरू असतात. आत गादीवर शेठजी बसलेले. हिशेब, फोन, थान उलगडून दाखवणे, चहा. बाहेर हमाल कापडाच्या गाठी पाठीवर घेऊन गर्दीतून वाट काढतोय, हातगाडी ओढतोय. दुपारी दोघांचेही डबे उघडतात. या दोन डब्यांत किती फरक असायला हवा, आणि तो फरक भूक आपली आपण सांभाळते का, हा वजन कमी करू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा प्रश्न आहे.

त्याचे एक जुने आणि फार मोलाचे उत्तर बंगालमधून आले. ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेंगाइलच्या लडलो ज्यूट गिरणीतल्या 213 पुरुषांचा आहार, वजन आणि काम यांची सांगड घातली आणि 1956 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत दिवसभर बसणारे दुकानदार होते, कारकून होते, कोळसा आणि ओझी वाहणारे मजूरही होते. हलक्या कामाकडून जड कामाकडे जाताना खाणे वाढत होते, ते अपेक्षितच होते. नवल होते ते दुसऱ्या टोकाला. सर्वांत कमी हालचाल करणारे सर्वांत कमी खात नव्हते. त्यांचे खाणे अतिकष्टाचे काम करणाऱ्यांच्या जवळपास जात होते आणि वजनेही त्यांचीच जास्त होती. हालचाल एका पातळीच्या खाली गेली की भुकेचा अंदाज चुकू लागतो, असा अर्थ मेयर यांनी काढला. लीड्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हाही चित्र ढोबळमानाने असेच दिसले.

म्हणजे बैठे काम करणाऱ्यासाठी ‘पोट सांगेल तेवढे खावे’ हा सल्ला पुरेसा नाही. त्याला ताट मोजून वाढून घ्यावे लागते.

गांधीबाग, इतवारी, महाल या भागांत ही गोष्ट पिढ्यांच्या अंतराने दिसते. नागपुरी सावजी रस्सा हे मूळचे इथल्या हलबा कोष्टी विणकरांचे जेवण. हातमागावर दिवसभर हात-पाय चालवणाऱ्याचे ते ताट होते. भारतीय आहारतज्ज्ञांच्या जुन्या वर्गवारीत विणकर आणि हमाल ‘मध्यम श्रमा’त येतात, शिंपी ‘बैठ्या कामा’त. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, 1877 साली सुरू झालेली टाटांची एम्प्रेस मिल कधीच बंद पडली, घरातली पुढची पिढी काउंटरवर आणि संगणकापुढे बसली. रश्श्यावरचे तेल मात्र घरोघर तेवढेच राहिले.

फरक किती, याचा आकडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिला आहे. 2020 च्या शिफारशींनुसार 65 किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामात दिवसाला 2110 कॅलरी लागतात, मध्यम श्रमात 2710 आणि जड श्रमात 3470. 55 किलोच्या स्त्रीसाठी हेच आकडे 1660, 2130 आणि 2720 असे आहेत. बैठ्या आणि मध्यम श्रमाच्या पुरुषांत 600 कॅलरींचे अंतर पडते. साधारण 30 ग्रॅम कणकेची एक पोळी 100 कॅलरींची, तेलाचा छोटा चमचा 45 चा. तेव्हा हे अंतर म्हणजे दिवसभरातून तीन पोळ्या, तीन चमचे तेल आणि एक वाटी भात. वजन घटवायचे असेल तर आपल्या श्रमाच्या आकड्यातून आणखी तीनशे-पाचशे कॅलरी वजा करायच्या. आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास घट हा सुरक्षित वेग मानला जातो.

खरी गफलत होते ती व्यायाम सुरू केल्यावर. 65 किलोचा माणूस तासभर झपाझप चालून पाचेक किलोमीटर गेला, तर बसून राहण्यापेक्षा साधारण दीडशे कॅलरी जास्त खर्च होतात. म्हणजे दीड पोळी. दिवसात चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, एवढ्यातच तेवढ्या कॅलरी परत येतात. शिवाय शरीर हा जास्तीचा खर्च इतरत्र काटकसर करून काही अंशी भरून काढते. टांझानियातले हाड्झा लोक शिकारीसाठी, कंदमुळांसाठी रोज मैलोन्मैल चालतात. हर्मन पाँट्झर यांच्या गटाने 2012 साली त्यांचा ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा शरीराचा आकार लक्षात घेता तो शहरी पाश्चात्त्यांपेक्षा जास्त भरला नाही. चालण्याचे फायदे हृदयाला, स्नायूंना, रक्तातल्या साखरेला मिळतातच, आणि त्यासाठी चालायलाच हवे. पण फिरून आलो म्हणून जिलेबीची सूट घेण्याइतका हिशेब तिथे शिल्लक नसतो.

कमी काय करायचे, हेही महत्त्वाचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच होता, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेली ही तुलना भारतीय शरीराबद्दल फार काही सांगते: आपल्याकडे स्नायू कमी, चरबी जास्त. म्हणून कात्री पोळी-भात, तेल आणि साखरेला लावायची. वरण, उसळ, दही, अंडी, पालेभाजी यांना नाही. ताटातल्या निम्म्याहून कमी, म्हणजे 45 टक्क्यांपर्यंतच कॅलरी धान्यातून याव्यात, असे राष्ट्रीय पोषण संस्था सांगते.

नागपूरकरांना यावर डॉ. श्रीकांत जिचकार आठवतील. दिवसातून दोनदाच जेवण्याचा त्यांचा आग्रह डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी पुढे महाराष्ट्रभर नेला. अधूनमधून तोंडात टाकणे बंद झाल्याने अनेकांचे एकूण खाणे कमी होते, हे खरेच आहे. पण त्या दोन ताटांत किती वाढायचे, हा प्रश्न त्यानंतरही श्रमानुसारच सोडवावा लागतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण घटवू नये. साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. आणि दिवसभर गाठी वाहणाऱ्या हमालाने शेठजींचा डाएट उचलला, तर त्याचे स्नायूच झिजतील.

धीर मात्र हवा. अमेरिकेतले केविन हॉल आणि सहकारी यांनी 2011 साली मांडलेल्या गणितानुसार रोजच्या खाण्यातून कायमच्या 100 कॅलरी, म्हणजे एक पोळी, कमी केली तर वजन शेवटी चारेक किलोने उतरते: त्यातले निम्मे पहिल्या वर्षात, उरलेले बहुतेक तिसऱ्या वर्षापर्यंत. 7700 कॅलरींमागे एक किलो हा सोपा भागाकार तीन वर्षांत चौदा किलोंचे आश्वासन देतो आणि माणसाला निराश करतो. वजन उतरते तसे शरीर चालवण्याचा खर्चही उतरतो, किलोमागे रोज सुमारे 24 कॅलरी. 75 किलोंवरून 65 वर आलेल्या व्यापाऱ्याला आता रोज 240 कॅलरी कमी लागतात. काटा अडला की पथ्य फसले असे त्याला वाटते, पण तेवढ्यात त्याचे जुने ताट नव्या शरीरासाठी मोठे झालेले असते. त्याच्यापुढे मार्ग दोन. अडीच पोळ्या कमी करणे, किंवा संध्याकाळी दुकान वाढवल्यावर गांधीसागर तलावाच्या बाजूने तासभर चालणे आणि एकच पोळी सोडणे. दुसरा मार्ग बहुतेकांना जास्त काळ झेपतो.