मातीचें कबूतर आणि अंगास बसणारी बंदूक

‘मातीचें कबूतर’ हें नांव ऐकून तुम्हांस हसूं येईल. परंतु तें उगाच पडलेलें नाहीं. पाश्चात्य देशांत पूर्वीं नेमबाजीच्या शर्यतींत जिवंत कबुतरें उडवून तीं टिपीत असत. १८८० सालीं अमेरिकेंतील जॉर्ज लिगॉव्स्की यानें त्यांच्या जागीं भाजलेल्या मातीची तबकडी योजिली आणि मुक्या जीवांची हत्या टळण्याचा मार्ग मोकळा झाला. हल्लींची तबकडी चुनखडीची पूड व डांबर यांची असून तिचा व्यास ११ सेंटिमीटर असतो. अशाच तबकड्या फोडून राज्यवर्धनसिंह राठोड यांनीं २००४ सालीं अथेन्स येथील ऑलिंपिक सामन्यांत रौप्यपदक मिळविलें.

या खेळांत बहुधा बारा बोअरची दुनळी बंदूक वापरतात. तिच्या नळींत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्या एक पौंड भरतात, म्हणून ती ‘बारा बोअर’. परंतु केवळ नक्षी व किंमत पाहून जो बंदूक घेतो, तो चकाकी पाहून जोडा घेणाऱ्यासारखा फसतो. या बंदुकीस पुढें एक माशी असते. मागची माशी म्हणजे नेमबाजाचा डोळाच होय! दस्त्याची कड उंच असेल तर छर्रे निशाणावरून जातात. फार खालीं असेल तर ते निशाणाखालून जातात. दस्ता लांब असेल तर तो काखेंत अडकतो. परीक्षा सोपी आहे. बंदूक रिकामी असल्याची दोनदां खात्री करावी, डोळे मिटून ती खांद्यास लावावी व मग डोळे उघडावे. माशी नळीच्या मधोमध दिसली, तर ती बंदूक आपली.

पुष्कळदां कोवळ्या मुलाच्या हातीं वडिलांचीच जड बंदूक देतात. पहिल्या धक्क्यानें त्याचा खांदा दुखावतो. दुसऱ्या वेळीं तो चाप ओढण्यापूर्वींच डोळे मिटतो, आणि वडील मंडळी त्यास भित्रा म्हणतात! दोष मुलाचा नव्हे, दस्त्याचा असतो. पालकांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें.

बंदूक मिळाली तरी संवय लागावयास काळ लागतो. प्रथम कित्येक दिवस रिकामी बंदूकच उचलावी. गाल बंदुकीकडे नेऊं नये, बंदूक गालाशीं आणावी. पुढें हलत्या निशाणाचें गणित शिकावें. वीस मीटरांवरून आडवी जाणारी तबकडी सेकंदास सुमारें २५ मीटर धांवते. छर्ऱ्यांस तेथें पोंचण्यास सेकंदाचा सुमारें विसावा भाग लागतो, आणि तेवढ्यांत ती सव्वा मीटर पुढें सरकते. म्हणून तिच्या पुढें नेम धरावा, व चाप ओढल्यावरहि हात थांबवूं नये.

सर्वांत मोठा नियम शेवटीं सांगतों. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असें समजावें. पाळी येईपर्यंत ती मोडून उघडी धरावी. आणि तिचें तोंड कधींहि मनुष्याकडे वळवूं नये. तबकडी चुकली तर दुसरी उडवितां येते. गेलेला जीव परत येत नाहीं.