पिकअपमागे थ्रेशर जोडण्यापूर्वी

सोयाबीन निघाले की आमच्या भागात मळणीयंत्रांची धावपळ सुरू होते, आणि पुढे तूर-हरभऱ्यापर्यंत ती चालू राहते. पूर्वी थ्रेशर ट्रॅक्टरमागेच जाई. आता पुष्कळ घरी पिकअप आली आहे. ट्रॅक्टर दुसऱ्या कामात अडकला किंवा लांबच्या गावी लवकर पोचायचे असले, की थ्रेशर, पाण्याचा टँकर, नाहीतर काँक्रीट मिक्सर पिकअपच्या हुकाला लावून लोक निघतात. "गाडी ओढते का?" असे विचारले तर गॅरेजवाला हसून सांगतो, "आरामात ओढते!" त्याचे म्हणणे खोटे नाही. सपाट रस्त्यावर दोन टनांची चाके फिरवायला इंजिनाला फारसा जोर लागतच नाही. पण हा प्रश्नच चुकीचा आहे. गाडी ते ओझे घेऊन थांबेल का आणि उतारावर सरळ राहील का, हे विचारले पाहिजे.

प्रथम गाडीचे आरसी पुस्तक उघडावे. त्यात दोन वजने लिहिलेली असतात, एक रिकाम्या गाडीचे आणि दुसरे भरलेल्या गाडीचे. दोहोंतील फरक म्हणजे गाडीने अंगावर घ्यायचा भार. ड्रायव्हर, माणसे, पोती सगळे त्यातच आले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११३ व्या कलमाप्रमाणे नोंदलेल्या वजनापेक्षा जास्त भरून गाडी चालवता येत नाही. ओढण्याच्या वजनाचा आकडा मात्र कंपनीच्या हँडबुकात शोधावा लागतो. तिथे तो नसेल, तर कंपनीने त्या कामाची हमी दिलेली नाही असेच समजावे आणि अवजड यंत्र त्या गाडीला जोडू नये.

आता थ्रेशरचे वजन. विकणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर विसंबू नये. जिनिंगच्या काट्यावर आधी एकटी पिकअप आणि मग थ्रेशरसह पिकअप तोलून घ्यावी. पावती मिळते आणि वाद मिटतो.

पुष्कळांची अशी समजूत असते की मागच्या यंत्राचे वजन त्याच्याच चाकांवर आहे, गाडीला काय त्याचे? तसे नसते. नीट जोडलेल्या ट्रेलरच्या वजनाचा दहावा ते सातवा हिस्सा दांडीवाटे हुकावर येतो, आणि तेवढा तो यावाही लागतो. ट्रेलर दोन टनांचा असेल तर हुकावर २०० ते ३०० किलो. समजा, आपली गाडी रिकामी १७०० किलोची आहे आणि भरून ३००० ची. म्हणजे १३०० किलोची जागा. त्यातून हुकावरचे ३०० गेले, चालकासह पाच माणसांचे ३०० गेले, उरले ७००. यावर पन्नास किलोची वीस पोती टाकली की हिशेब ३०० किलोने बिघडला.

त्यातही हूक मागच्या चाकांच्या पुष्कळ मागे असतो, त्यामुळे तरफेचा न्याय लागू होतो. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे आणि हूक मागच्या चाकांच्या १.२ मीटर मागे आहे असे धरू. हुकावर ३०० किलो आले की मागच्या चाकांवर ४२० किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे १२० कमी होतात. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग सैल लागते आणि ओल्या रस्त्यावर गाडी वळणात सरळ जाऊ पाहते. यावर आपल्याकडचा उपाय ठरलेला, मागे एक जादा पाटा घालून घेणे. पाट्याने गाडीची बसलेली शेपूट वर येते, पण ॲक्सल, टायर आणि ब्रेक जुनेच राहतात. आमच्या मते तो पाटा उलट फसवतो, कारण भार जास्त झाल्याची दिसणारी खूण तो पुसून टाकतो.

हुकावर भार फार कमी असणे त्याहून वाईट. यंत्राचे वजन मागे झुकले की दांडी हूक वर उचलते, आणि थोडा वेग घेताच ट्रेलर सापासारखा डोलू लागतो. अशा वेळी जोरात ब्रेक मारू नये, स्टिअरिंगही उलटसुलट फिरवू नये. ते सरळ धरून ॲक्सिलरेटर हळूहळू सोडावा. हुकावरचा भार मोजणे अवघड नाही. घरी कापूस जोखायचा सपाट काटा असतो, तो दांडीच्या टोकाखाली ठेवावा आणि लाकडी ठोकळे लावून दांडी हुकाच्या उंचीला आणावी. यंत्राच्या चाकांना आधी दोन्ही बाजूंनी दगड लावावेत.

सगळ्यात मोठी गोष्ट ब्रेकची. आमच्याकडच्या बहुतेक थ्रेशरांना स्वतःचे ब्रेक नसतात, कारण ती ट्रॅक्टरच्या संथ चालीसाठी बनवलेली असतात. त्यांची चाके आणि बेअरिंगही त्याच चालीची. पिकअपचे ब्रेक तीन टनांसाठी आहेत आणि मागे दोन टन लावले की त्यांना पाच टन थांबवायचे असते. तीन टनांची गाडी ब्रेक लागल्यापासून २० मीटरांत थांबत असेल, तर तेवढ्याच जोराने पाच टनांना ३३ मीटर लागतील. वेग ४० चा ६० केला की हे अंतर आणखी सव्वादोन पट होते.

नेरडीगोंड्याहून निर्मलकडे जाणारा जुना रस्ता महबूब घाटातून उतरतो. महामार्ग ४४ ने, म्हणजे जुन्या लोकांच्या सात नंबरने जाणाऱ्यालाही पठार सोडून खाली यावेच लागते. पाच टन वजन शंभर मीटर खाली उतरवताना सगळा भार ब्रेकवर टाकला, तर जी उष्णता निघते तिने सुमारे १६ लिटर पाणी उकळीला येईल. ती उष्णता ब्रेकच्या थाळ्यांत आणि ड्रममध्ये साठते. ब्रेक ऑइल उकळले की पेडल खाली जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणून ज्या गिअरमध्ये तो घाट चढावा लागला असता, तोच किंवा त्याखालचा गिअर उतार सुरू होण्यापूर्वीच टाकावा आणि इंजिनाला गाडी अडवू द्यावी. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे हा तर वेडेपणा आहे. इंजिन बंद झाले की एकदोनदा दाबल्यावर ब्रेकचे पेडल दगडासारखे होते.

वळणावर ब्रेक मारला की मागचे ओझे गाडीला तिरके ढकलते आणि दोन्ही मिळून कात्रीसारखी मिटतात. म्हणून वेग वळणापूर्वीच कमी करावा.

जोडणीबाबत दोन शब्द. ट्रॅक्टरच्या दांडीची कडी पिकअपच्या पिनेवर ढिली बसते, दर खड्ड्याला आदळते आणि पीन झिजवते. पिनेला खालून क्लिप हवीच, शिवाय दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून बांधाव्यात, म्हणजे पीन तुटली तरी दांडी जमिनीत रुतणार नाही. गाडी मागे घेताना हुकाजवळ कोणीही उभे राहू नये. बोटे चिरडतात ती तिथेच. मागचे दिवे थ्रेशरने झाकले जातात, तेव्हा यंत्रालाच दिवे लावावेत, आणि शक्यतो रात्री निघूच नये. थ्रेशरवर किंवा दांडीवर मजुरांना बसवणे आमच्या गावांतून बंद झाले पाहिजे. त्यांना गाडीत जागा नसेल तर दुसरी खेप करावी.

हिशेब जमत नसेल तर ट्रॅक्टर मोकळा होण्याची वाट पाहावी, नाहीतर ट्रक भाड्याने घेऊन यंत्र वर चढवून न्यावे. एका दिवसाची मजुरी त्यात जाते हे खरे. पण ब्रेक गेलेल्या गाडीपुढे घाटात बहुधा दुसऱ्याच कोणाची मोटारसायकल असते.

निघाल्यावर पाच-सात किलोमीटरांवर एकदा थांबावे. पीन आणि साखळ्या पाहाव्यात, आणि प्रत्येक चाकाच्या तुंब्याजवळ तळहात न्यावा, टेकवू नये. एकच तुंबा बाकीच्यांहून जास्त तापलेला असेल तर बेअरिंग जाम होत आहे किंवा ब्रेक घासत आहे. मेकॅनिकने पाहीपर्यंत पुढे जाऊ नये.